दुचाकीवाल्याचा समुद्र

वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. येळाकेळी आणि विरूळ अशा दोन ठिकाणी त्यावर चढायची सोय आहे. सोय आहे ती मोटारीला, बसला आणि ट्रकला. दुचाकीला तिथे मनाई आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ रोजी पूर्ण लांबीचा खुला झाला, तेव्हा विदर्भाला समुद्र जवळ आला असे सगळ्यांनीच म्हटले. जवळ आला हे खरे. कोणाला, एवढाच प्रश्न उरतो. आमच्याकडे घराघरांपुढे उभी दिसते ती दुचाकी. शाळामास्तर, परिचारिका, दूधवाला, कापसाच्या चुकाऱ्यासाठी हेलपाटे घालणारा शेतकरी, सगळ्यांचे संसार तिच्यावर चालतात. ती घेऊन समुद्र पाहायला निघालेल्या माणसाला हा रस्ता कुंपणाच्या पलीकडून बघावा लागतो.

आता याच जिल्ह्यातल्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्गाची योजना आहे. पहिल्या आखणीत तो ८०२ किलोमीटरचा होता आणि बारा जिल्ह्यांतून जाणार होता. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी त्याला केलेला विरोध वाचकांना ठाऊक आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही. तो झाला तर समृद्धीसारखाच होईल आणि त्यावरही दुचाकी चालणार नाही, असे धरून चालायला हरकत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ती चालत नाही. २०२४ च्या जानेवारीत खुल्या झालेल्या अटल सेतूवर चालत नाही. मुंबईच्या नव्या किनारी रस्त्यावरही चालत नाही. म्हणजे समुद्राकडे जाणारा, समुद्रावरून जाणारा आणि समुद्राच्या कडेने जाणारा, अशा तिन्ही तऱ्हेच्या नव्या रस्त्यांवर आपल्या राज्यातल्या सर्वांत साध्या वाहनाला जागा नाही.

मनाईमागचे कारण मला कळते. ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारींत शंभर सीसीची गाडी घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आपल्या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचाच असतो. तेव्हा द्रुतगती मार्ग दुचाकीला खुले करा, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, दुचाकीवाल्याला जो रस्ता उरतो तो नीट ठेवा, आणि जिथे एकच रस्ता असणार आहे तिथे त्याला बाहेर ठेवू नका. हे म्हणायला मला थोडा अधिकार आहे असे वाटते, कारण गेल्या जानेवारीत सौभाग्यवतींना मागे बसवून मी वर्ध्याहून रत्नागिरी आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबागपर्यंत दुचाकीवर जाऊन आलो. जाऊन येऊन दोन हजार किलोमीटरांवर, बारा दिवस. गाडी सव्वाशे सीसीची.

ज्या मेकॅनिककडे सर्व्हिसिंगला टाकली त्याने बेत ऐकून हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "कायले जाता जी एवढ्या दूर गाडीनं? रेल्वेनं जा नं." मी हट्टाला पेटलेला पाहून मग त्याने चेन, स्प्रॉकेट आणि मागचे ब्रेकलायनर बदलून दिले, क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक जादा वायर सीटखाली बांधली आणि वर सांगितले, "गाडीची फिकर करू नका. तुमच्या कंबरा सांभाळा." हा सल्ला लाखमोलाचा निघाला. दर तासाला दहा मिनिटे थांबायचे, उतरून चालायचे, आणि दिवसाकाठी तीनशे किलोमीटरांवर जायचे नाही, हा नियम आम्ही त्यावरूनच केला. जोडप्याने जाणाऱ्यांनी तो पाळावाच. चालवणाऱ्याला रस्त्याचा विरंगुळा असतो. मागे बसणाऱ्याला नुसते बसणे असते.

वर्ध्यासारख्या गावात समुद्र हे तसे ऐकीव प्रकरण आहे. १९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा विदर्भातल्या मंडळींना समुद्र कुठून मिळणार? त्यांनी अकोल्याकडच्या दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ केले. तरी या गावाचे किनाऱ्याशी नाते नाही असे नाही. पवनारला धाम नदीकाठी ज्यांचा आश्रम आहे ते विनोबा मूळचे कोकणातले. पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला, आणि १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले ते कायमचेच. दुचाकीचेही तसेच. ज्या बजाज ऑटोच्या स्कूटरसाठी आपल्या वडिलांच्या पिढीने वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली, त्या कंपनीची सुरुवात १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली. हे बच्छराज म्हणजे वर्ध्याचे शेठ, जमनालाल बजाज ज्यांच्या घरी दत्तक आले ते. तेव्हा दुचाकीवर बसून पवनारहून गागोद्यापर्यंत, विनोबा आले त्याच्या उलट दिशेने जायचे, असा बेत सौभाग्यवतींनीच काढला. नुसते समुद्र पाहायला जातो म्हटले की लोक हसतात; निमित्त असले की हसत नाहीत.

वर्ध्याचे लोक कोकणात जायचे म्हणजे आधी मुंबई किंवा पुणे गाठायचे असे समजतात. तसे करण्याचे कारण नाही. देवळी, कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड, नांदेड, अहमदपूर, लातूर, तुळजापूर असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आपल्या दारातून जातो. पुढे सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाटाने रत्नागिरी, हा क्रमांक १६६. सुमारे नऊशे किलोमीटर. बहुतेक चौपदरी, आणि दुचाकीला पूर्ण खुला. हे मुद्दाम सांगतो, कारण चांगला, वेगाचा रस्ता आणि दुचाकी यांचे जमतच नाही असे जे म्हणतात त्यांनी यवतमाळ ते नांदेड एकदा जाऊन पाहावे. खटकतात त्या बारीकसारीक गोष्टी. टोल नाक्यावर दुचाकीला पैसे पडत नाहीत, तसा मानही मिळत नाही. अगदी डाव्या कडेची अरुंद वाट, तिच्यात गिट्टी आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा. उड्डाणपुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी मोटारीला कळतही नाही. आम्हाला ती मणक्यात कळते. या गोष्टींना कोट्यवधी लागत नाहीत, खराटा लागतो.

या वाटेत मला जी गोष्ट सर्वांत नवलाची वाटली ती नकाशात कित्येक वर्षे पाहूनही ध्यानात आली नव्हती. देवळी सोडले की वर्धा नदी लागते. उमरखेडपुढे पैनगंगा. नांदेडला गोदावरी. सोलापूर-मंगळवेढ्याच्या वाटेवर सीना आणि भीमा. मिरजेपुढे अंकलीच्या पुलावर कृष्णा, कोल्हापूरला पंचगंगा. या सगळ्या नद्या आपल्याला पाठमोऱ्या असतात. आपण पश्चिमेच्या समुद्राकडे चाललेलो आणि त्यांचे पाणी पूर्वेच्या समुद्राकडे. आमच्या धामेचे पाणीही वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरालाच मिळते. आठशे किलोमीटर अशा उलट्या नद्या ओलांडल्यावर आंबा घाट येतो. घाट उतरून साखरप्याला आलो की काजळी नदी भेटते, आणि ही पहिली नदी, जी आपल्याबरोबर चालते. तिचे तोंड रत्नागिरीजवळ भाट्याला आहे. मोटारीच्या बंद काचेतून हे कळले असते का, कोण जाणे. दुचाकीवर कळते, कारण पुलावर हवा बदलते, गार लागते, आणि पाणी कुठल्या बाजूला चालले आहे ते मान वळवून पाहिले जाते.

मातीचेही तेच. नांदेडपर्यंत आपलीच काळी जमीन, उभ्या पऱ्हाटीत उरलासुरला कापूस. मंगळवेढ्याला सपाट काळ्या रानात ज्वारी, नजर पोचेल तिथपर्यंत. कवठे महांकाळकडे द्राक्षांचे मांडव. मग ऊस. या उसाच्या टापूत एक धोक्याची सूचना: जानेवारीत गाळप जोरात असते, आणि उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना लाल कागद. अंधार पडल्यावर या रस्त्यावर दुचाकी चालवू नये. आम्ही साडेपाचला मुक्काम गाठत होतो. ज्यांना एवढी रजा नाही त्यांनी गाडी रेल्वेने पार्सल करावी. टाकी रिकामी करून द्यावी लागते, एवढेच. पण मग पाठमोऱ्या नद्या हुकतात.

रत्नागिरीहून किनारा दोन्ही बाजूंना आहे. आम्ही उत्तरेला वळलो, कारण गागोदे तिकडे. आरे-वारेचा चढ चढून वर आलो की खाली एकदम समुद्र दिसतो. सौभाग्यवतींनी मागून खांद्यावर थाप मारली आणि "अहो, थांबवा ना" म्हणाल्या. थांबवली. वर्ध्याच्या माणसाला पहिल्यांदा समुद्राच्या निळेपणाहून त्याच्या रिकामेपणाचे अप्रूप वाटते. आपल्याकडे कुठेही उभे राहा, क्षितिजावर बाभळीचे एखादे झाड, टेकडी, देवळाचे शिखर असते. इथे काही नाही. त्या पुढे गणपतीपुळे, आणि त्याला लागून केशवसुतांचे मालगुंड. १९९४ मध्ये उभे राहिलेले त्यांचे स्मारक पाहावे. पुळ्याच्या गर्दीतले फार थोडे लोक तिथवर जातात.

किनाऱ्यावरच्या प्रवासाची आखणी किलोमीटरवर करू नये, हा या सबंध खटाटोपातला सर्वांत उपयोगाचा धडा. रत्नागिरी ते अलिबाग हे अंतर आमच्या नांदेडच्या पहिल्या दिवसाएवढेच असेल. त्याला चार दिवस लागले आणि तेही कमी पडले. मधे चार मोठ्या खाड्या आहेत आणि त्या फेरीबोटीने ओलांडायच्या: जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडला आणि दिघीहून आगरदांडा. दाभोळ-धोपावे ही फेरी २००३ मध्ये सुरू झाली, बाकीच्या नंतर. त्याआधी गाडीवाल्याला खाडीला वळसा घालून आत चिपळूण, खेड, महाडकडून फिरून यावे लागे. समोरचे गाव दिसते आहे, कोंबडा आरवलेला ऐकू येतो, आणि तिथे पोचायला अर्धा दिवस, असा तो हिशेब होता.

फेरीवर दुचाकी चढवण्याचे एक तंत्र आहे. पुढची लोखंडी फळी ओली आणि शेवाळलेली असते. तिच्यावर ब्रेक मारायचा नाही, मागे बसलेल्याला आधी उतरवायचे आणि पहिल्या गियरमध्ये सरळ वर जायचे. वर गेल्यावर गाडी गियरमध्येच ठेवून बाजूच्या स्टँडवर लावायची. वाळूच्या किनाऱ्यावर लावताना स्टँडखाली लाकडाची चपटी ढलपी ठेवायची, नाहीतर चहा पिऊन येईतो गाडी आडवी. आणि रोज मुक्कामी चेनवर गोड्या पाण्याच्या दोन बादल्या ओतून, पुसून, तेल घालायचे. खाऱ्या हवेत एका रात्रीत चेन तांबडी होते.

दुसरी तयारी पंचांगाची. भरती-ओहोटी मोबाइलवर आता सगळ्यांना कळते, पण कोकणात जुना हिशेब आहे तो गमतीचा आणि खरा आहे. तिथीचा आकडा पाऊणने गुणायचा. जे येईल ते भरतीच्या वेळेचे तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पंधरवडा दोन्ही बाजूंनी सारखाच, आणि दिवसातून दोनदा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती. घरात कालनिर्णय टांगलेले असले की झाले. आम्ही हेदवीला तृतीयेला पोचू अशा बेताने निघालो होतो, म्हणजे सव्वादोनची भरती. तिथे समुद्राच्या खडकात बामणघळ नावाची अरुंद चीर आहे. भरतीचे पाणी तिच्यात घुसते, कोंडते आणि कारंज्यासारखे वर उसळते. ओहोटीला गेलात तर नुसता दगड. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका मोठ्या मोटारीतल्या कुटुंबाने विचारले, "तुम्ही इथलेच का?" भरतीची वेळ आम्ही अचूक सांगितली म्हणून. वर्ध्याच्या माणसाला याहून मोठी पदवी कोणती?

गुहागर, दाभोळ, हर्णै, केळशी, वेळास, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड-जंजिरा यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. ती पुन्हा करत नाही. दोनच गोष्टी सांगतो. हर्णैला मासळीचा लिलाव जरूर पाहावा. वाळूवर मासळीचे ढीग, बैलगाड्या पाण्यात पोटापर्यंत शिरलेल्या, आणि समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. आम्ही दोघेही शाकाहारी, तरी दीड तास हललो नाही. कापसाच्या लिलावापेक्षा हा बरा वाटला. इथे माल विकणारी बाई भाव पटला नाही तर तोंडावर सांगते. आणि वेळासला फेब्रुवारी-मार्चात जावे. २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी राखतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात. जानेवारीत गेल्याने आम्हाला घरट्यांभोवतीची कुंपणे तेवढी दिसली. हे गाव नाना फडणीसांचे, हे तिथे गेल्यावर कळले.

आता मूळ मुद्दा. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते १९८२ च्या काळात मनात धरला गेला. त्यानंतर तो तुकड्यातुकड्याने होत आला, आणि खाड्यांशी येऊन थांबत राहिला. आता राज्य रस्ते विकास महामंडळाने या खाड्यांवर मोठे पूल बांधायचे ठरवले आहे. माझ्यासारख्या पाहुण्याला फेरी गोड वाटते. पंधरा-वीस मिनिटे इंजिन बंद, पाण्यावर बगळे, शेजारी कोणाच्या तरी गाडीच्या हँडलला टांगलेली कोळंबीची पिशवी. तेव्हा पूल नको, ही रम्य चाल तशीच राहू द्या, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि पुण्या-मुंबईचे काही भटके तसे म्हणतातही. तवसाळच्या धक्क्यावर फेरीची वाट पाहत एक आजीबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. सौभाग्यवतींनी त्यांना विचारले, "आजी, पूल झाला तर ही मजा जाईल, नाही का?" त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले. म्हणाल्या, "मजा तुमची, बाई. आमच्यात रातचं माणूस दुखण्याला पडलं, तर फेरी बंद असते." त्यावर आम्ही काय बोलणार? पूल हवा. त्यात दुमत करण्याचा हक्क आठ दिवसांसाठी आलेल्यांना नाही.

पण त्या आजींना रात्री पैलतीरी कोण नेणार आहे, हेही पाहिले पाहिजे. मी त्या धक्क्यावर उभा राहून पाहत होतो. त्या फेरीतून एक टेम्पो उतरला, दोन मोटारी उतरल्या आणि बाकी सगळ्या दुचाकी. सिलिंडर बांधलेली, पत्र्याचा डबा बांधलेली, पुढे पोर आणि मागे बायको बसवलेली, कॉलेजच्या पोरी डबलसीट. किनाऱ्यावरच्या वाड्यांत बोळच असे आहेत की दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला कोणाच्या तरी अंगणात शिरावे लागते. अशा गावांत दुचाकी हीच रुग्णवाहिका, हीच मालगाडी. उद्या पूल झाला, त्याला जोडून द्रुतगती पद्धतीचा कुंपणबंद रस्ता आला, आणि पुलाच्या तोंडाशी अटल सेतूसारखा दुचाकीला मनाईचा फलक लागला, आणि पूल झाल्यामुळे फेरी बंद पडली, तर तवसाळचा माणूस २००३ च्या आधीच्या अवस्थेत जाईल. समोरचे गाव दिसेल, वर पुलावरून मोटारी जाताना दिसतील आणि त्याला पुन्हा खाडीचा वळसा. कोणी असे मुद्दाम करील असे मी म्हणत नाही. पण आपल्याकडे रस्ता आधी आखला जातो आणि त्यावरून कोण जाणार याचा विचार उद्घाटनानंतर होतो. म्हणून पुलाचा नकाशा कागदावर आहे तोवरच त्यात दुचाकीची आणि चालणाऱ्याची पट्टी काढून ठेवली पाहिजे. कठडा उंच करा, वेगाला मर्यादा घाला, पावसाळी वाऱ्यात चार तास बंद ठेवायचा तर ठेवा. पण मनाई नको.

आणि पूल हवा याचा अर्थ चौपदरी हवा असा होत नाही. कोकणातल्या किनारी रस्त्याला ज्याने सौंदर्य आले आहे ते त्याच्या अरुंदपणाने. जांभ्याच्या गडग्यांमधून तो जातो, वळतो, माडांच्या वाडीत शिरतो, एकदम देवळाच्या पारापाशी निघतो. हा रुंद करायचा तर गडगे, वाड्या आणि पार यांतले काहीतरी जाणार. आंब्याला मोहोर आला होता, त्याचा वास हेल्मेटच्या आतपर्यंत येत होता. ताशी चाळीसच्या वर गेलो असतो तर आला नसता. घाईच्या माणसाला मुंबई-गोवा महामार्ग आहे. किनाऱ्याचा रस्ता गावांचा राहू द्यावा, पुलांनी नुसता सांधावा. पर्यटनाचे म्हणाल तर आम्ही आठ दिवसांत जिथे जिथे पैसे दिले ते सगळे घरगुती खानावळी, फेरी, पंक्चरवाले, कोकम-आगळ विकणाऱ्या बायका यांना दिले. मोठ्या रस्त्याच्या कडेच्या एकाही फूड मॉलला नाही. एका ठिकाणी मात्र, नाव सांगत नाही, दुचाकीवर आलो आहोत हे पाहून खोली शिल्लक नसल्याचे सांगण्यात आले. मागून आलेल्या मोटारीला ती मिळाली. त्या रात्री आम्ही एका गुरवांच्या पडवीत झोपलो आणि सकाळी घावन खाऊन निघालो, तेव्हा तक्रार नाही.

अलिबागहून पेण, आणि पेण-खोपोली रस्त्याने गागोदे. भोवती डोंगर, खाली भाताची कापलेली खाचरे. विनोबांचे बालपण इथे गेले. नऊ-दहा वर्षांचे असताना ते वडिलांकडे बडोद्याला गेले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाडीची एमएच-३२ ही नंबरपट्टी पाहून कुठला जिल्हा म्हणून विचारले. वर्धा म्हटल्यावर त्यांनी गाडीकडे, मग सौभाग्यवतींकडे पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागे बसून आलात? एवढे?" मग घरात नेऊन ताक दिले. पवनारच्या आश्रमात आता कोण असते, धामेला पाणी असते का, अशी चौकशी त्यांनी केली, जणू दिलेल्या लेकीच्या सासरची विचारपूस.

परतीचे फारसे सांगण्यासारखे नाही. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, पुलगाव, हा समृद्धीच्या आधीचा नेहमीचा रस्ता. समृद्धी झाल्यापासून त्यावरची मोठी वाहने बरीच कमी झाली आहेत, हा दुचाकीवाल्याचा फायदा. तोटा असा की त्यावरचे लक्षही कमी झालेले दिसते. खड्डे बुजवायला कोणी आले नाही, आणि रात्री नऊलाच बंद होणारे ढाबे वाढले. वर्धा, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी नव्या रस्त्याच्या फिती कापल्या. या जुन्या रस्त्याच्या डागडुजीसाठी दरवर्षी किती पैसे ठेवले जातात, एवढे त्यांनी विधानसभेत विचारावे.

यंदा दक्षिणेचा अर्धा भाग करायचा आहे. रत्नागिरीहून भाट्याचा पूल, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा आणि रेड्डी. तिकडे बहुतेक खाड्यांवर पूल आधीच झालेले आहेत, आणि त्यांवर दुचाकी चालते. शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता, तिथली मिठागरे सौभाग्यवतींना पाहायची आहेत. मेकॅनिकने गाडीचे पुढचे टायर बदलायला सांगितले आहे. निघायची तिथी अजून ठरलेली नाही. शिरोड्याला अष्टमीला पोचावे असे आमच्याकडे म्हणणे आहे, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळीही सहालाच.